नव्या गाडीवर शोरूमचं कोटिंग घ्यायचं का? निर्णयाचा क्रम, टप्प्याटप्प्याने

मॉडेल ठरलं, रंग ठरला, टोकन भरलं. घरची मंडळी डिलिव्हरीच्या तारखेवर बोलत असतात आणि तेवढ्यात टेबलावर दुसरा कागद येतो: टेफ्लॉन, सिरॅमिक, पीपीएफ (पेंट प्रोटेक्शन फिल्म), अँटी-रस्ट. "सर, एवढी महागाची गाडी घेताय, रंगाला प्रोटेक्शन नको?" गाडीच्या किमतीपुढे ही रक्कम किरकोळ वाटते आणि होकार दिला जातो. पाच-सहा महिन्यांनी बॉनेटवर उन्हात गोल गोल बारीक चरे दिसू लागतात, तेव्हा कळतं की पैसे भलत्याच गोष्टीवर गेले.

यात वस्तू वाईट असते असं दर वेळी नाही. क्रम उलटा होतो. आधी वस्तू निवडली जाते, मग किंमत ठरते, आणि आपल्या गाडीला त्रास कशाचा आहे हा प्रश्न विचारलाच जात नाही. खालचे टप्पे त्याच क्रमाने करा. पहिले दोन घरी बसून, बुकिंगच्या आधी उरकायचे आहेत.

## तयारी: तीन गोष्टी हाताशी ठेवा

एक, गाडी जिथे उभी राहणार त्या जागेचे दिवसाचे आणि रात्रीचे फोटो. वर झाड आहे का, पाइप आहे का, स्लॅबमधून पाणी ठिबकतं का, ऊन किती तास असतं, हे फोटोत दिसायला हवं.

दोन, गाडीच्या कंपनीची वॉरंटी पुस्तिका. ती कंपनीच्या संकेतस्थळावर मिळते किंवा शोरूममध्ये मागून वाचता येते. रंगाबद्दलचं आणि गंजाबद्दलचं पान शोधा. रंगातला कारखान्याचा दोष सहसा वॉरंटीत येतो. खडीचे टवके, पक्ष्यांची विष्ठा, झाडाचा चीक, रसायनांचे डाग सहसा येत नाहीत.

तीन, शोरूमशी संबंध नसलेल्या किमान दोन डिटेलिंग दुकानांचे (गाडीची सफाई, पॉलिश, कोटिंग करणाऱ्यांचे) लेखी दर, वस्तूच्या नावासकट. हे हातात नसेल तर शोरूमचा दर महाग की स्वस्त हे ठरवायला आधारच उरत नाही.

## टप्पा १: तुमच्या गाडीचा रंग कशाने खराब होणार?

हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात जास्त गाळला जाणारा. कोऱ्या कागदावर लिहून काढा.

रोजचा फडका. आपल्याकडे शहरात रंगाचा सर्वात मोठा शत्रू हाच. सोसायटीत महिन्याच्या पगारावर गाड्या पुसणारा माणूस एकाच बादलीत, एकाच फडक्याने सकाळी पंधरा-वीस गाड्या पुसतो. तिसऱ्या-चौथ्या गाडीला बादलीतलं पाणी मातकट झालेलं असतं आणि फडक्यात बारीक वाळू अडकलेली असते. ती वाळू रोज बॉनेटवर गोल फिरते. त्या माणसाची यात चूक नाही. त्याला मिळणाऱ्या पैशांत आणि वेळेत दुसरं काही शक्य नाही. सुक्या गाडीवर फिरवलेला झटकणीचा ब्रश तेच करतो. धूळ बसलेल्या गाडीवर कव्हर चढवलं की वाऱ्याने हलणारं कव्हरही तेच करतं.

खडी. द्रुतगती मार्ग, घाट, काम चाललेला महामार्ग, समोर वाळूचा डंपर. पुढचा बंपर, बॉनेटची पुढची कड, आरसे आणि चाकांमागचा पत्रा इथे टवके उडतात. गाडी वर्षभर गावातल्या गावात फिरणार असेल तर हा त्रास फारच कमी.

विष्ठा आणि चीक. विष्ठा आम्लधर्मी असते. उन्हात तापलेला रंग किंचित प्रसरतो, थंड होताना आकसतो आणि वाळत चाललेल्या विष्ठेचा ठसा त्यात उमटतो. मे महिन्यात एक दुपारसुद्धा पुरते.

पाण्याचे डाग. बोअरवेलचं जड पाणी गाडीवर उन्हात वाळलं की क्षारांची पांढरी वर्तुळं उरतात. बेसमेंट किंवा स्टिल्ट पार्किंगमध्ये याहून वाईट प्रकार असतो: स्लॅबच्या भेगेतून झिरपणारं पाणी सिमेंटमधला चुना घेऊन खाली येतं. तो अल्कधर्मी थेंब बॉनेटवर वाळला की दगडासारखा घट्ट बसतो आणि घासून काढायला गेलात तर चराच पडतो.

खारी हवा. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, अलिबाग, गोवा, मुंबईचा समुद्रालगतचा भाग. इथे वरच्या रंगापेक्षा खालचा पत्रा, सांधे आणि नटबोल्ट यांची काळजी जास्त.

तपासणी: या पाचांपैकी तुमच्या गाडीला लागू होणाऱ्या दोनच गोष्टींवर खूण करा. पाचही खुणा झाल्या असतील तर तुम्ही भीतीने लिहिताय. फोटो पुन्हा पाहा.

## टप्पा २: कोणती वस्तू नेमकं काय अडवते

कारखान्यातून आलेल्या रंगाला थर असतात: गंजरोधक थर, प्रायमर, रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट. सगळे मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरच्या सातव्या-दहाव्या हिश्श्याएवढी. त्यात क्लिअर कोट सुमारे ४० मायक्रॉनचा. झळाळी, उन्हापासून बचाव, सगळं याच थरावर अवलंबून. पॉलिश करणं म्हणजे हाच थर थोडा खरवडणं, हे पक्कं लक्षात ठेवा.

टेफ्लॉन कोटिंग. टेफ्लॉन हे पीटीएफई या पदार्थाचं व्यापारी नाव. तो साधारण ३२७ अंश सेल्सियसला वितळतो आणि तव्यावर बसवताना त्याहून जास्त उष्णता देऊन भाजावा लागतो. गाडीच्या रंगावर तेवढी उष्णता देणं अशक्य. त्यामुळे शोरूममध्ये दोन-तीन तासांत 'टेफ्लॉन' म्हणून जे लावलं जातं, ते व्यवहारात पॉलिश आणि सीलंट, म्हणजे रंगावर पुसून चढवायचा पातळ संरक्षक थर, असतं. चमक येते, पाणी काही आठवडे ते काही महिने मोत्यासारखं घरंगळतं. खडी आणि फडक्याचा चरा त्याने अडत नाही. माझं मत स्पष्ट आहे: नव्या गाडीवर यासाठी एक रुपयाही देऊ नये. नव्या रंगाला पॉलिशची गरज नसते आणि सीलंट घरी लावता येतं.

सिरॅमिक कोटिंग. सिलिका आधारित द्रव, वाळून कडक होणारा. थर एक-दोन मायक्रॉनच्या आसपास. चांगलं लावलं तर पाणी आणि मळ चिकटत नाही, धुणं सोपं होतं, विष्ठेला रंगापर्यंत पोहोचायला थोडा जास्त वेळ लागतो. एवढाच त्याचा उपयोग आहे आणि तो खरा आहे. पण एक-दोन मायक्रॉनचा थर खडी अडवू शकत नाही आणि फडक्यातली वाळूही फार काळ थोपवत नाही. जड पाण्याच्या भागात तर थेंब उभे राहून वाळतात, त्यामुळे पुसून न घेतल्यास डाग जास्त उठून दिसतात.

'९एच कडकपणा' असं ठळक छापलेलं असतं. हे पेन्सिलीच्या शिशाने चरा काढून बघण्याचं मोजमाप आहे, त्यात ९एच ही शेवटची पायरी. ९एच पेन्सिलीने चरा पडला नाही, एवढाच त्याचा अर्थ. वाळूचा कण पेन्सिलीपेक्षा कितीतरी कठीण असतो. कोणी १०एच म्हणून विकत असेल तर तिथूनच उठावं.

पीपीएफ. ही खरी फिल्म. टीपीयू (लवचीक पॉलियुरेथेन प्लॅस्टिक) जातीची चांगली फिल्म साधारण १५० ते २०० मायक्रॉन जाडीची, म्हणजे गाडीच्या सगळ्या रंगाहून जाड. खडीचे टवके आणि हलके चरे अडवणारी या यादीतली एकमेव वस्तू हीच. बारीक चरे उन्हाने किंवा कोमट पाण्याने भरून निघतात. अडचण अशी की पीपीएफ हे नाव लावून पीव्हीसीच्या स्वस्त फिल्मही विकल्या जातात. त्या लवकर पिवळ्या पडतात, कडक होतात आणि काढताना डिंक मागे ठेवतात. म्हणून 'पीपीएफ आहे' या उत्तरावर थांबू नका. जात कोणती, जाडी किती, रोलचा क्रमांक काय, हे विचारा.

अँटी-रस्ट. आजच्या गाड्यांच्या पत्र्यावर कारखान्यातच गंजरोधक थर असतो आणि बऱ्याच गाड्यांना खालून सीलंट मारलेलं असतं. पुणे, नाशिक, नागपुरात राहणाऱ्याने हे घेण्याचं कारण मला दिसत नाही. किनाऱ्यावर राहत असाल तर विचार करा, पण तिथेही घाईत मारलेला फवारा दरवाज्यांच्या आणि सिलच्या (दरवाज्याखालच्या पट्टीच्या) तळातली पाणी निघायची भोकं बुजवतो. मग पाणी आत साचतं आणि गंज आतून सुरू होतो.

सायलेन्सर कोटिंग, एसी निर्जंतुकीकरण, इंटिरियर एनरिचमेंट: कोऱ्या गाडीला यातलं काही लागत नाही.

इशारा: शोरूममध्ये वेगळ्या ठेवलेल्या बॉनेटवर लायटरची ज्योत फिरवून किंवा मार्करने रेघ ओढून पुसून दाखवतात. पत्रा उष्णता लगेच पसरवतो, त्यामुळे साधा क्लिअर कोटही क्षणभराची आच सोसतो. पाणी घरंगळून दाखवणं हाही पुरावा नाही, साध्या मेणावरूनही ते तसंच घरंगळतं.

## टप्पा ३: खुणा आणि वस्तू जुळवा

आता पहिल्या टप्प्याचा कागद समोर घ्या.

खूण फडक्यावर असेल तर वस्तू विकत घेऊन प्रश्न सुटत नाही, धुण्याची पद्धत बदलावी लागते. याबद्दल शेवटच्या टप्प्यात.

खूण खडीवर असेल तर पीपीएफ, पण संपूर्ण गाडीला लावायची गरज क्वचितच असते. पुढचा बंपर, बॉनेट, आरसे, दरवाज्यांच्या कडा आणि हँडलमागच्या वाट्या एवढं झाकलं तर जिथे मार बसतो तो बहुतेक भाग झाकला जातो. संपूर्ण गाडीचा दर ऐकून घाबरलेला माणूस सिरॅमिकवर येतो, आणि मधला पर्याय त्याला कुणी सांगतच नाही.

खूण विष्ठा-चिकावर असेल, जागा बदलणं शक्य नसेल आणि गाडी गडद रंगाची असेल, तर चांगल्या डिटेलरकडून सिरॅमिक हा विचार करण्याजोगा खर्च आहे. पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीवर बारीक चरे तितके दिसत नाहीत. तिथे वर्षातून तीन-चार वेळा घरी लावलेलं सीलंट पुरतं.

खूण स्लॅबच्या ठिबकण्यावर असेल तर सोसायटीकडे लेखी अर्ज द्या आणि दुरुस्ती होईपर्यंत जागा बदलून मागा. चुन्याच्या थेंबापुढे कोणतंही कोटिंग फार टिकत नाही.

मॅट रंगाची गाडी मात्र वेगळी. तिला पॉलिश करता येत नाही, चरा पडला की तो तसाच राहतो. तिथे मॅट पीपीएफचा विचार सुरुवातीलाच करा.

तपासणी: 'मला अमुक वस्तू हवी, कारण अमुक त्रास आहे' हे एका वाक्यात लिहिता येतं का? येत नसेल तर इथेच थांबा. पुढचे टप्पे फक्त नकार देण्यापुरते वाचा.

## टप्पा ४: कोटेशन सुटं करून घ्या

बुकिंगच्या आधी असं कोटेशन मागा, ज्यात एक्स-शोरूम किंमत, आरटीओ कर आणि नोंदणी, विमा, फास्टॅग आणि ॲक्सेसरीज अशी प्रत्येक ओळ वेगळी असेल. 'एसेन्शियल किट', 'केअर पॅकेज' अशी एकच ओळ मान्य करू नका. ती फोडून मागितली की मॅट आणि मडफ्लॅपच्या मध्ये कोटिंग बसलेलं दिसतं.

दर जीएसटीसह आहे का, हे विचारा. ३०,००० रुपयांच्या कामावर १८ टक्के धरले की ३५,४०० होतात.

ही रक्कम कर्जात घालू नका. ४०,००० रुपये ९ टक्क्यांनी ७ वर्षांच्या कर्जात घातले, तर महिन्याला सुमारे ६४४ रुपये पडतात आणि फेडून होईपर्यंत ५४,००० च्या आसपास जातात. हप्त्यात सांगितलेला खर्च लहान वाटतो, म्हणूनच तो हप्त्यात सांगितला जातो.

"कोटिंग फ्री देतो" या वाक्याला एकच उत्तर: "ते नको, तेवढे पैसे गाडीच्या किमतीत कमी करा." बहुतेक वेळा ते फुकट कोटिंग तुमच्या सवलतीतूनच गेलेलं असतं. आणि खरोखर फुकट असलं तरी मी ते लावू देणार नाही. घाईत धुतलेल्या गाडीवर मशीनने पॉलिश फिरवलं की कोऱ्या क्लिअर कोटवर कायमच्या रेघा राहतात.

## टप्पा ५: काम करतो कोण, आणि कुठे

शोरूममध्ये हे काम पुष्कळदा बाहेरच्या ठेकेदाराची माणसं करतात. तेही चालेल, पण जागा स्वतः पाहा. "काम जिथे होतं ती खोली दाखवा," एवढंच म्हणा.

सिरॅमिक नीट लावायला गाडी धुवावी लागते, चिकटलेले कण क्ले बारने (मातीसारख्या मऊ वडीने) काढावे लागतात, गरज असेल तिथेच पॉलिश, मग अल्कोहोलच्या द्रावणाने तेलकटपणा पुसून एकेका पॅनेलवर कोटिंग, आणि शेवटी बंद, बिनधुळीच्या जागेत वाळवणं. याला एक-दोन दिवस लागतात. डिलिव्हरीच्या दिवशी दुपारी लावून संध्याकाळी पेढे देऊन गाडी हातात देणार असतील, तर ते सिरॅमिकचं काम झालेलं नाही.

पीपीएफसाठी विचारा: फिल्म गाडीच्या मापाने मशीनवर कापून आणता की गाडीवर ठेवून ब्लेडने कापता? ब्लेडने कापताना हात जरा जड पडला तर खालच्या रंगावर रेघ उमटते, आणि ती फिल्म काढेपर्यंत दिसत नाही. आधी केलेल्या एखाद्या गाडीच्या बॉनेटची कड हाताने चाचपून बघा. फिल्म कडेवरून आत वळवलेली हवी, मधेच संपलेली नको.

इशारा: रंग बदलणारी फिल्म लावायचा विचार असेल तर आधी आरटीओत चौकशी करा. आरसीवर गाडीचा रंग नोंदलेला असतो आणि त्याच्याशी विसंगत बदल परवानगीशिवाय करता येत नाही.

## टप्पा ६: वॉरंटीचा कागद सहीआधी वाचा

'५ वर्षं वॉरंटी' हे शब्द माहितीपत्रकावर असतात. अटी दुसऱ्या कागदावर. तो मागा. 'नंतर ईमेलवर येईल' असं उत्तर आलं तर सही नंतरच करा. वाचताना बोट ठेवायच्या जागा या:

- वॉरंटी कोण देतंय? गाडीची कंपनी, कोटिंगची कंपनी की शोरूम? शोरूमची असेल तर शोरूम बंद झालं किंवा तुम्ही गाव बदललं की ती संपली.
- दर सहा महिन्यांनी किंवा वर्षाने त्यांच्याकडेच देखभाल करणं बंधनकारक आहे का, आणि त्याचा दर काय? पाच वर्षांची ही बेरीज मूळ किमतीत मिळवा.
- वगळलेल्या गोष्टी कोणत्या? खडी, चरे, पाण्याचे डाग आणि वेळेत न पुसलेली विष्ठा वगळली असेल, तर तुमची खूण ज्या त्रासावर होती तोच वगळलेला आहे का, ते पाहा.
- दावा मान्य झाला तर मिळणार काय? बहुतेक वेळा त्या पॅनेलवर पुन्हा कोटिंग. रंगकामाचा खर्च क्वचितच.

"कोटिंग घेतलं नाही तर कंपनीची रंगाची वॉरंटी जाईल" असं कोणी म्हणालं, तर वॉरंटी पुस्तिका पुढे करा आणि ती अट कुठल्या पानावर आहे ते दाखवायला सांगा. इथे आवाज चढवायची गरज नसते.

विम्याबद्दलही इथेच विचारा. साध्या पॉलिसीत रंगकामाच्या मालाच्या खर्चावर ५० टक्के घसारा कापला जातो. झिरो डेप (घसारा न कापणारी पॉलिसी) घेतली असेल तर तो सुटतो. म्हणजे मोठ्या ओरखड्याचा खर्च अंशतः तुम्ही आधीच विम्यात भरलेला आहे. मात्र दावा केला की नो-क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्यास विम्याच्या हप्त्यावर मिळणारी सूट, जातो, पहिल्या वर्षानंतर तो २० टक्के असतो. पीपीएफ लावणार असाल तर तिची किंमत पॉलिसीत नोंदवता येते का, हे विमा कंपनीकडून लेखी घ्या.

## टप्पा ७: आकडे मांडा

गाडी किती वर्षं ठेवणार, ते आधी लिहा. तीन-चार वर्षांत विकणार असाल तर कोटिंगचे पैसे विक्रीत परत येतील ही आशा सोडा. जुनी गाडी घेणारा अपघात झालाय का, रंग मूळचा आहे का, सर्व्हिस रेकॉर्ड आहे का, हे बघतो. कोटिंगच्या कार्डासाठी जास्त पैसे देणारा गिऱ्हाईक विरळा.

मग अधिकृत वर्कशॉपमध्ये बॉनेट आणि पुढचा बंपर रंगवायचा दर विचारा. तुमच्या वापरात पाच-सात वर्षांत हे काम एकदा करावं लागेल असं धरा आणि त्याची पुढच्या भागाच्या पीपीएफशी तुलना करा. दोन्ही आकडे जवळपास आले तर मी पीपीएफकडे झुकेन. कारण असं: कारखान्यात रिकामी बॉडी १४० अंशांच्या आसपास भाजली जाते, वर्कशॉपमध्ये वायरिंग आणि प्लॅस्टिक असल्यामुळे ६०-७० अंशांच्या पुढे सहसा जाता येत नाही. नंतरचा रंग मूळ रंगाइतका कडक क्वचितच होतो. वर्कशॉपचा आकडा पीपीएफच्या निम्म्याहून कमी आला, तर पैसे बँकेत ठेवा.

## टप्पा ८: आधी गाडी तपासा, नंतर काय ते लावा

कोटिंगखाली दोष झाकले जातात. म्हणून पीडीआय, म्हणजे डिलिव्हरीआधीची तपासणी, कोटिंगच्या आधीच व्हायला हवी. सेल्समनला आधीच लेखी कळवा: "मी पाहीपर्यंत गाडीवर पॉलिश, कोटिंग किंवा फिल्म काहीही लावायचं नाही."

सकाळच्या उजेडात जा. मोबाइलचा टॉर्च प्रत्येक पॅनेलवर तिरका धरा: गोल चरे, पॉलिशच्या रेघा, रंगाच्या छटेतला फरक, रबरावर उडालेला रंग. शक्य असेल तर रंगाची जाडी मोजणारं यंत्र असलेला जाणकार सोबत न्या. सगळी पॅनेल १००-१५० च्या घरात आणि एकच दरवाजा २५० दाखवत असेल, तर तो यार्डात (शोरूमच्या गाड्या ठेवायच्या आवारात) पुन्हा रंगवलेला असण्याची शक्यता मोठी. हे यंत्र पत्र्यावरच चालतं, प्लॅस्टिकच्या बंपरवर नाही. आणि पुन्हा रंगवलेल्या पॅनेलवर पीपीएफ लावू नका, काढताना फिल्मसोबत रंगही निघू शकतो.

तपासणी: सगळ्या बाजूंचे फोटो, चॅसिस क्रमांकाचा फोटो आणि तारीख. यानंतरच कोटिंगला होकार. काम झाल्यावर जॉब कार्डवर चॅसिस क्रमांक, वस्तूचं नाव, बॅच किंवा रोल क्रमांक आणि वेगळं बिल हवंच.

## टप्पा ९: नकार, आणि बळजबरी झाली तर

साधा नकार असा द्या: "फक्त गाडीचा हिशेब द्या. ॲक्सेसरीज मी नंतर बघतो." कारण सांगू नका, कारणाला उत्तर त्यांच्याकडे तयार असतं.

"सगळ्या गाड्यांना यार्डातच लावून येतं" असं म्हणाले तर त्या चॅसिस क्रमांकाचं जॉब कार्ड मागा आणि न सांगता केलेल्या कामाची ओळ बिलातून काढायला सांगा. "किट घेतल्याशिवाय डिलिव्हरी नाही" असं म्हणाले तर ते वाक्य ईमेलवर मागा. एक वस्तू विकताना दुसरी घ्यायची सक्ती करणं हे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये गैर ठरवलेल्या व्यापार प्रथांत मोडतं. शोरूमच्या व्यवस्थापकाला आणि गाडीच्या कंपनीच्या ग्राहक सेवेला एकाच ईमेलमध्ये घ्या. तरी हललं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. पुढे जिल्हा ग्राहक आयोग, तिथे तक्रारीची मुदत दोन वर्षं. म्हणूनच सुटं कोटेशन आणि लेखी निरोप सुरुवातीपासून जपायचे.

## टप्पा १०: पहिले काही महिने

कोटिंग किंवा फिल्म घेतली असेल तर पहिला आठवडा गाडी धुवायची नाही, पहिले एक-दोन दिवस पावसातही न्यायची नाही. पावसाळ्यात डिलिव्हरी असेल तर तारीख त्या हिशेबाने धरा. पीपीएफखाली पाण्याचे छोटे फुगे सुरुवातीला दिसतात आणि काही दिवसांत सुकतात. उचललेली कड किंवा आत अडकलेला कण मात्र सुकत नाही, तो लगेच दाखवून बदलून घ्या.

घेतलं नसेल तर वाचलेल्या पैशांतला अगदी थोडा भाग इथे घाला: दोन बादल्या, गाडीचा शॅम्पू, धुण्याचा मिट (हातमोज्यासारखा मऊ फडका), चार-पाच जाड मायक्रोफायबर कापडं आणि सीलंटची एक बाटली. भांड्याचा साबण नको. आधी नुसत्या पाण्याचा मारा करून धूळ खाली जाऊ द्या. एका बादलीत शॅम्पू, दुसरीत साधं पाणी. प्रत्येक पॅनेलनंतर मिट साध्या पाण्यात पिळून मगच पुन्हा शॅम्पूत. वरून खाली या, चाकं शेवटी आणि वेगळ्या कापडाने. सावलीत धुवा, लगेच टिपून घ्या. कोरड्या गाडीवर सीलंट लावून दुसऱ्या कापडाने पुसा.

गाडी पुसणाऱ्या दादांना स्वतःची बादली आणि कापडं द्या. रोज पुसायला सांगू नका. रोज फक्त काचा आणि आरसे, आठवड्यातून एकदा भरपूर पाणी घालून गाडी. त्यांचा महिना कापू नका, नाहीतर ही व्यवस्था टिकत नाही.

डिकीत पाण्याची छोटी बाटली आणि एक स्वच्छ कापड ठेवा. विष्ठा दिसली की कापड भिजवून त्यावर दोन-तीन मिनिटं ठेवायचं आणि मऊ झाल्यावर न घासता उचलायचं. चुन्याच्या थेंबाला पांढरं व्हिनेगर अर्धं पाणी घालून तसंच ठेवा, विरघळलं की भरपूर पाण्याने धुवा. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी गाडीच्या खालून गोड्या पाण्याचा मारा करून घ्या, आणि त्या वेळी दरवाज्यांच्या तळातली भोकं काडीने मोकळी आहेत का, तेही बघा.